‘जिवती’ची ‘जिल्हाती’ का होते? चांदणीला अर्थ देणाऱ्या स्टीफन क्लेनी यांची गोष्ट

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या गावांची एक लांबलचक यादी आहे असं समजा. प्रत्येक ओळीत गाव, मग ‘ता.’, मग ‘जि.’. साहेबांचं म्हणणं एवढंच, की ‘ता.’ आणि ‘जि.’ असं तुटक नको, ‘तालुका’ आणि ‘जिल्हा’ असं पूर्ण लिहा.

हजारो ओळी हातानं कोण बदलणार? म्हणून संगणकाला सांगितलं जातं, ‘ता.’ शोध आणि तिथे ‘तालुका’ टाक. ‘जि.’ शोध आणि तिथे ‘जिल्हा’ टाक. पहिल्या चार ओळी बघितल्या तर काम चोख झालेलं असतं. ‘ता. धानोरा’चं ‘तालुका धानोरा’ झालेलं असतं. फाईल पुढे जाते.

आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं की जिवती तालुक्याचं नाव ‘जिल्हाती’ झालंय. ताडोबातला ‘ताड’ गायब होऊन तिथे ‘तालुका’ आलाय आणि मागे एक अनाथ मात्रा लोंबकळतेय. ‘पत्ता:’ लिहिलं होतं तिथे ‘पत्तालुका’ झालंय.

संगणक बिघडलेला नसतो. त्यानं सांगितलेलंच केलेलं असतं. फक्त सांगणाऱ्याच्या मनात टिंब म्हणजे टिंब होतं आणि संगणकाच्या लेखी टिंब म्हणजे ‘इथे कोणतंही एक अक्षर चालेल’ असा हुकूम होता.

या हुकमांच्या भाषेला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात, लाडानं रेजेक्स. तिचा पाया घालणारा माणूस संगणकवाला नव्हता. तो होता तर्कशास्त्राचा प्राध्यापक. त्याचं नाव स्टीफन कोल क्लेनी.

अर्थशास्त्रज्ञ बाप, कवयित्री आई

क्लेनी यांचा जन्म ५ जानेवारी १९०९ चा, अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड गावातला. वडील गुस्ताव्ह क्लेनी अर्थशास्त्राचे प्राध्यापक, आई अॅलिस कोल कवयित्री. सुट्ट्या जायच्या मेन राज्यातल्या घरच्या शेतावर. ते शेत त्यांनी आयुष्यभर सोडलं नाही.

आडनावाचा घोळही आयुष्यभर टिकला. इंग्रजी स्पेलिंग बघून बहुतेक लोक ‘क्लीन’ किंवा ‘क्लीनी’ म्हणायचे. ते स्वतः मात्र ‘क्लेनी’ असाच उच्चार करायचे. लिहिलेलं एक आणि वाचलेलं भलतंच, हा अनुभव त्यांना घरातूनच मिळाला होता म्हणायला हरकत नाही.

१९३० मध्ये त्यांनी अॅमहर्स्ट कॉलेजातून पदवी घेतली आणि ते प्रिन्स्टनला गेले. तिथे गुरू मिळाले अलोन्झो चर्च. गणितातली प्रत्येक आकडेमोड केवळ चिन्हांच्या अदलाबदलीतून करता येईल का, या प्रश्नानं चर्च यांना पछाडलं होतं. त्यांच्या पद्धतीत आकडा म्हणजे चिन्हांची एक माळ. बेरीज म्हणजे त्या माळेतला एक तुकडा काढून तिथे दुसरा घालणं. आज आपण ज्याला ‘फाइंड अँड रिप्लेस’ म्हणतो, त्याचंच हे अतिशय काटेकोर रूप होतं.

या पद्धतीत एखाद्या आकड्यात एक मिळवणं सोपं होतं. एक वजा करणं मात्र कुणालाच जमत नव्हतं. हे शक्यच नसावं, असं खुद्द चर्च यांनाही वाटू लागलं होतं. १९३२ च्या सुमारास क्लेनी अक्कलदाढा काढायला दंतवैद्याकडे गेले आणि त्या खुर्चीत बसले असताना त्यांना वजाबाकीची युक्ती सुचली. संगणकशास्त्राच्या वर्गांत हा किस्सा आजही सांगितला जातो.

१९३४ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि त्यांचे सहाध्यायी बार्कली रॉसर यांनी मिळून एक गोष्ट सिद्ध केली. चर्च यांनी सुरुवातीला मांडलेल्या पूर्ण तर्कव्यवस्थेतच विसंगती होती. म्हणजे शिष्यांनी गुरूच्या यंत्रातला बिघाड शोधून काढला. त्या व्यवस्थेतला जो भाग निर्दोष ठरला, तो पुढे लॅम्डा कॅल्क्युलस म्हणून टिकला आणि कित्येक प्रोग्रामिंग भाषांचा पाया झाला.

चिन्ह आणि चिन्हाबद्दलचं बोलणं

१९३५ मध्ये क्लेनी विस्कॉन्सिन विद्यापीठात मॅडिसनला शिकवायला गेले. मधली काही वर्षं सोडली तर सगळी नोकरी तिथेच झाली. १९४२ मध्ये नॅन्सी एलियट यांच्याशी लग्न झालं. दुसरं महायुद्ध सुरू होतं. क्लेनी नौदलात दाखल झाले आणि न्यूयॉर्कमध्ये होतकरू अधिकाऱ्यांना जहाज कसं हाकायचं याचं गणित शिकवू लागले. नंतर वॉशिंग्टनच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी काम केलं. १९४६ मध्ये ते पुन्हा मॅडिसनला आले.

१९५२ मध्ये त्यांचं ‘इंट्रोडक्शन टू मेटामॅथेमॅटिक्स’ हे जाडजूड पुस्तक आलं. तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या त्यावर वाढल्या. त्या पुस्तकाचा कणा असलेली एक शिस्त आपल्या गावांच्या यादीसाठी फार महत्त्वाची आहे.

ती शिस्त अशी. आपण ज्या चिन्हांचा अभ्यास करतो ती चिन्हं वेगळी आणि त्या चिन्हांबद्दल आपण ज्या भाषेत बोलतो ती भाषा वेगळी. दोन्ही एकमेकांत मिसळू द्यायच्या नाहीत. मिसळल्या की गोंधळ झालाच.

मराठी माणसाला हे समजायला अवघड नाही. ‘मूल चंद्रपूर जिल्ह्यात आहे’ या वाक्यात मूल हा तालुका आहे. ‘मूल दोन अक्षरी शब्द आहे’ या वाक्यात तो तालुका नाही आणि लेकरूही नाही, तो नुसता शब्द आहे. ऐकणारा माणूस हा फरक आपोआप करतो. यंत्राला तो फरक करता येत नाही, त्याला वेगळी खूण द्यावी लागते.

१९५१ चा उन्हाळा आणि मेंदूचं जाळं

१९५१ च्या उन्हाळ्यात क्लेनी कॅलिफोर्नियात सँटा मोनिकाला रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेत गेले. तिथे त्यांच्यापुढे एक जुना निबंध आला. वॉरन मॅकलक आणि वॉल्टर पिट्स यांनी तो १९४३ मध्ये लिहिला होता. मेंदूतल्या पेशी म्हणजे चालू-बंद होणारी बटणं मानली तर त्यांच्या जाळ्याला काय काय करता येईल, असा त्याचा विषय होता.

क्लेनी यांनी प्रश्न नेमका केला. अशा मर्यादित जाळ्यावर एकापाठोपाठ एक इशारे आदळत राहिले तर त्याला कोणत्या प्रकारचे क्रम ओळखता येतील आणि कोणते येणार नाहीत?

त्यांना सापडलेलं उत्तर थक्क करणारं सोपं होतं. तीनच गोष्टी पुरतात. पहिली, ‘हे किंवा ते’. दुसरी, ‘हे, मग ते’. तिसरी, ‘हेच पुन्हा पुन्हा, कितीही वेळा’. या तीन क्रियांनी जे जे लिहिता येतं ते सगळं असं जाळं ओळखू शकतं. आणि जाळं जे ओळखू शकतं ते सगळं या तीन क्रियांनी लिहिता येतं.

तिसऱ्या क्रियेसाठी त्यांनी चांदणीची खूण वापरली. तीच आज ‘क्लेनी स्टार’ म्हणून ओळखली जाते. अशा क्रमांना त्यांनी ‘रेग्युलर’ हे विशेषण दिलं. ते त्यांना स्वतःलाही फारसं पटलेलं नव्हतं आणि अधिक बरा शब्द सुचवायला त्यांनी वाचकांना सांगितलं होतं. कुणाचाच शब्द टिकला नाही, ‘रेग्युलर’ टिकला. हा निबंध १९५६ मध्ये क्लॉड शॅनन आणि जॉन मॅकार्थी यांनी संपादित केलेल्या ‘ऑटोमेटा स्टडीज’ या संग्रहात छापून आला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. क्लेनी यांच्या कागदावर घोटाळा होणं शक्यच नव्हतं. त्यांच्या जाळ्यात येणारे इशारे म्हणजे पेशींचं चालू-बंद होणं. पेशींच्या जाळ्यात कंस नसतो, टिंब नसतं, चांदणीही नसते. त्यामुळे ही चिन्हं फक्त हुकमासाठी मोकळी होती.

एकाच बटणावर दोन कामं

घोटाळा सुरू झाला तो क्लेनी यांचं गणित कीबोर्डवर आलं तेव्हा. १९६८ मध्ये बेल लॅब्जमधल्या केन थॉम्पसन यांनी ही पद्धत मजकुरातले शब्द शोधायला कशी वापरायची ते मांडलं. मग ती ‘एड’ नावाच्या एडिटरमध्ये आली, १९७३ च्या सुमारास ‘ग्रेप’ हे शोधण्याचं साधन आलं आणि पाठोपाठ बदल करणारं ‘सेड’ आलं.

आता शोधायचा होता तो माणसांनी लिहिलेला मजकूर. त्यात टिंब असतं, कंस असतात, चांदणीही असते. आणि हुकूम द्यायलाही कीबोर्डवर तीच चिन्हं. नवीन बटणं कुठून आणणार? क्लेनी यांनी पुस्तकात जी दोन माणसं वेगवेगळ्या खोल्यांत ठेवली होती, ती आता एकाच खाटेवर आली.

मार्ग काढला तो उलट्या तिरप्या रेघेनं, म्हणजे बॅकस्लॅशनं. चिन्हाच्या आधी \ लावला की त्याची भूमिका बदलते. ‘ता\.’ असं लिहिलं की टिंब हुकूम राहत नाही, साधं टिंब होतं. मग ताडोबा वाचतो, जिवती वाचते आणि पत्ताही वाचतो.

वनजिल्ह्यांच्या यादीत अडकणारी चिन्हं

चंद्रपूर-गडचिरोलीच्या कागदपत्रांत नेहमी दिसणारी नावं आणि आकडे घेतले तर क्लेनी यांची चिन्हं कुठे कुठे पाय अडकवतात ते लगेच दिसतं.

कंस. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा हे गाव ‘मेंढा (लेखा)’ असं लिहिलं जातं. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळालेलं हे गाव, देशातल्या अशा अगदी पहिल्या गावांपैकी एक. त्याचं नाव जसंच्या तसं रेजेक्समध्ये टाकलं तर निकाल येतो शून्य. कारण रेजेक्समध्ये कंस म्हणजे ‘आतलं सगळं एक गट समज’. संगणक कंस नसलेलं ‘मेंढा लेखा’ शोधत बसतो आणि तसं कुठेच लिहिलेलं नसतं. बघणाऱ्याचा मात्र समज होतो की हे गाव यादीत नाहीच. चुकीचा बदल निदान डोळ्यांना दिसतो, न सापडलेलं गाव दिसत नाही. म्हणून वनहक्काच्या यादीत ही चूक जास्त महागात पडते. उपाय म्हणजे दोन्ही कंसांआधी \ लावणं.

पण इथे एक मेख आहे. जुन्या ‘ग्रेप’ आणि ‘सेड’मध्ये नेमकं उलटं आहे. तिथे साधा कंस हा साधाच असतो आणि \ लावला की तो हुकूम होतो. एकाच्या संगणकावर चाललेली ओळ दुसऱ्याकडे चालत नाही, त्याचं कारण बऱ्याचदा हे असतं.

चांदणी. फाईलींच्या नावांत चांदणी म्हणजे ‘काहीही’, ही सवय अनेकांना असते. म्हणून ‘गड’पासून सुरू होणारी नावं शोधायला ‘गड*’ लिहिलं जातं. पण क्लेनी यांची चांदणी ‘काहीही’ म्हणत नाही. ती म्हणते, माझ्या आधीचं अक्षर कितीही वेळा, शून्य वेळासुद्धा. त्यामुळे ‘गड*’ म्हणजे ‘ग’ आणि मागे शून्य किंवा अधिक ‘ड’. म्हणजे नुसता ‘ग’ही चालेल. मग नागभीडमधला ‘ग’ सापडतो, गोंडपिपरीतला सापडतो, भामरागडचा ‘गड’ही सापडतो. बदल केला तर तिन्ही नावांची मोडतोड. शून्य वेळा हा क्लेनी यांच्या व्याख्येचाच भाग होता, तो आजही तसाच आहे. ‘काहीही’ हवं असेल तर टिंब आणि चांदणी दोन्ही लागतात: ‘गड.*’. आणि तेही ओळीच्या शेवटापर्यंत सगळं गिळतं.

तिरपी रेघ. शेतकऱ्याचा ७/१२ सगळ्यांना माहीत आहे. ‘सेड’मध्ये ‘काय शोधायचं’ आणि ‘काय टाकायचं’ यांच्यामध्ये तिरपी रेघच असते. ७/१२ शोधायला सांगितलं की त्याला वाटतं, ७ शोधायचा आहे आणि तिथे १२ टाकायचा आहे. पुढचं त्याला कळत नाही आणि तो चूक दाखवून थांबतो. इथे रेघेआधी \ लावायचा किंवा मधली खूण म्हणून दुसरंच चिन्ह वापरायचं, ‘सेड’ त्याला परवानगी देतं.

बदलात टाकायचा मजकूर. शोधायच्या बाजूला सगळी काळजी घेतली तरी दुसऱ्या बाजूलाही विशेष चिन्हं असतात. ‘सेड’मध्ये & म्हणजे ‘जे सापडलं तेच’. दुकानांच्या यादीत ‘आणि’च्या जागी & टाकायला सांगितलं तर ‘आणि’च्या जागी ‘आणि’च येतो. संगणक म्हणतो काम झालं, फाईल मात्र जशीच्या तशी. इतर साधनांत डॉलरची खूण आणि तिच्यापुढे आकडा आला की त्याचा अर्थ ‘इतकाव्या कंसात सापडलेलं’ असा होतो. तिथेही त्या त्या साधनाच्या नियमानं चिन्हाला साधं करावं लागतं.

मराठीची स्वतःची अडचण. ‘मूल’ या तालुक्याच्या नावात बदल करायचा तर ‘मूल्य’ आणि ‘मूलभूत’ला धक्का लागू नये म्हणून अनेकजण शब्दाची कड ओळखणारी खूण वापरतात. इंग्रजीत ती छान चालते. पण काही साधनं देवनागरी अक्षरांना शब्दाचा भागच मानत नाहीत, तिथे मूल सापडतच नाही. काही साधनं अक्षर मानतात पण मात्रा आणि पाय मोडल्याची खूण मानत नाहीत, तिथे ‘मूल्य’मधला ‘मूल’ सुटा शब्द समजून बदलला जातो. अशा वेळी कड ओळखणाऱ्या खुणेवर विसंबण्यापेक्षा पुढे-मागे मोकळी जागा किंवा स्वल्पविराम आहे का, हे स्वतः लिहून सांगणं सुरक्षित.

मग करायचं काय?

पहिलं काम, मूळ फाईलची प्रत बाजूला ठेवणं. दुसरं, रेजेक्स खरंच लागतंय का ते बघणं. नोटपॅड प्लस प्लस किंवा लिब्रेऑफिससारख्या साधनांत रेग्युलर एक्स्प्रेशनचा पर्याय चालू-बंद करता येतो. नुसता ‘ता.’चा ‘तालुका’ करायचा असेल तर तो बंद ठेवला की टिंब टिंबच राहतं, अर्धी दुखणी तिथेच संपतात. एमएस वर्डमध्ये ‘वाइल्डकार्ड’ नावाचा वेगळा प्रकार आहे, त्याची चिन्हं वेगळी आहेत. एकीकडचा नुस्खा दुसरीकडे लावू नये.

तिसरं, एकदम सगळं बदलायच्या आधी नुसतं शोधून बघणं. किती ठिकाणी सापडलं तो आकडा अपेक्षेपेक्षा फार जास्त असेल तर टिंब किंवा चांदणी हुकूम म्हणून चालतेय. शून्य असेल तर बहुधा कंस, किंवा शब्दाच्या कडेची खूण. आकडा बरोबर पण बदल चुकीचा असेल, तर दोष टाकायच्या मजकुरात.

आणि चौथं, पहिल्या चार ओळींवर विश्वास न ठेवता अवघड नावं मुद्दाम तपासणं. जिवती, ताडोबा, मूल, मेंढा (लेखा). ही चार नावं नीट राहिली तर बाकीची यादी नीट राहण्याची शक्यता बरीच.

फुलपाखरू आणि ग्रंथालय

क्लेनी यांनी स्वतःला कधी संगणकाचा माणूस म्हणून मिरवलं नाही. ते मॅडिसनला तर्कशास्त्र शिकवत राहिले, गणित विभागाचे प्रमुख झाले, १९६९ ते १९७४ या काळात डीन होते. डोंगर चढायची त्यांना हौस होती आणि निसर्गरक्षणाच्या कामात ते हिरिरीनं भाग घ्यायचे. फुलपाखराच्या एका प्रकारालाही त्यांचं नाव मिळालं आहे. १९७९ मध्ये ते निवृत्त झाले. १९९० मध्ये त्यांना अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालं. २५ जानेवारी १९९४ रोजी मॅडिसनमध्ये त्यांचं निधन झालं. विद्यापीठातल्या गणिताच्या ग्रंथालयाला त्यांचं नाव दिलेलं आहे.

ते गेले तेव्हा इंटरनेट नुकतं बाळसं धरत होतं. आज मोबाईल नंबर बरोबर आहे का हे तपासणाऱ्या फॉर्मपासून लाखो नोंदींतून एक नाव शोधणाऱ्या यंत्रणांपर्यंत सगळीकडे त्यांच्या तीन क्रिया राबतात. नाव ऐकलेलं नसलं तरी चांदणी सगळेच वापरतात.

चिन्ह म्हणजे काय आणि चिन्हाचा हुकूम म्हणजे काय, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, हे क्लेनी यांनी पुस्तकभर पाळून दाखवलं. कीबोर्डला तेवढी ऐपत नव्हती, म्हणून ते काम आता एका उलट्या रेघेवर येऊन पडलंय. ती रेघ टंकणाऱ्याच्या हातात आहे.